किडनी बदललेल्या माणसाला घरात कोंडून ठेवायचं का?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय: "मिस्टरांची किडनी बदलून चार महिने झाले. किडनी सासूबाईंनी दिली. दोन खोल्यांचं घर आहे. सासू-सासरे, नऊ वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा, असे सगळे एकत्र राहतो. मुलगी दर पंधरा दिवसांनी शाळेतून सर्दी-खोकला घेऊन येते. हॉस्पिटलने दोन पानी इंग्रजी यादी दिली आहे. नातेवाईक म्हणतात, आतली खोली त्यांना एकट्यांना द्या, मुलांना जवळ फिरकू देऊ नका. गणपतीला दरवर्षी संगमेश्वरजवळ गावी जातो. यंदा न्यावं का? मुलगी विचारते, बाबांच्या कुशीत कधी झोपायचं?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. कोंडू नका.

किडनीच्या रुग्णांमध्ये माझी वीसहून जास्त वर्षं गेली. सुरुवातीला मीही प्रत्येकाच्या हातात त्रेचाळीस 'नको'ची यादी ठेवायचे. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी ती अक्षरशः पाळली. माडीवरच्या खोलीत एकटे राहिले. बायको ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. एसटीत गर्दी असते, ओपीडीत खोकणारे लोक असतात, म्हणून त्यांनी तपासणीच्या दोन खेपा चुकवल्या. त्याच दिवसांत त्यांचं पोट बिघडलं होतं आणि गोळ्या उलटून पडत होत्या, पण माडीवर कोण बघणार! माझ्याकडे आले तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढणारा आकडा) १.२ वरून २.९ झालं होतं. संसर्ग एकही नव्हता. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली होती. इंजेक्शनं देऊन ती वाचवली, पण पहिल्यासारखी झाली नाही. यादी माझीच होती. तेव्हापासून मी पथ्यं रुग्णाला कमी आणि घरच्यांना जास्त सांगते.

मिस्टरांची प्रतिकारशक्ती कशाने कमी झाली आहे हे घरात सगळ्यांना नीट कळलं की निम्मी भांडणं मिटतात. ती आजाराने गेलेली नाही, आपण मुद्दाम कमी केली आहे. आईची असली तरी किडनी त्यांच्या शरीराला परकीच. शरीराच्या पहारेकऱ्यांनी तिच्यावर चाल करू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) देऊन त्यांना गुंगीत ठेवलंय. त्यामुळे कोणी प्रेमाने गुळवेल, अश्वगंधा किंवा 'इम्युनिटी वाढवणारा' काढा आणून दिला, तर हसून घ्या आणि कपाटात ठेवून द्या. पहारेकरी जागे झालेच, तर आधी सासूबाईंच्या किडनीवर धावून जातील.

गोळ्यांचे डोस सुरुवातीला जास्त असतात आणि हळूहळू उतरतात. म्हणून पहिले सहा महिने सगळ्यात नाजूक. पुढे, किडनी नीट चालली आणि डोस वाढवावे लागले नाहीत, तर बरीच मोकळीक मिळते. आत्ताची शिस्त जन्मभराची नाही, हे मिस्टरांनाही सांगा. चौथ्या महिन्यात माणूस कंटाळलेला असतो, आणि कंटाळलेला माणूस गोळ्या चुकवतो. त्यांना रोज कोट्रायमोक्साझोलची गोळी असेल, कदाचित व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरही. पहिली एका विशिष्ट न्यूमोनियाला अडवते, दुसरी सीएमव्ही नावाच्या विषाणूला. "आता बरं वाटतंय, ही साधी अँटिबायोटिक कशाला" म्हणून त्या बंद करणारे मी दरवर्षी पाहते. बंद कधी करायच्या ते तुमचं युनिट, म्हणजे हॉस्पिटलातला किडनी बदलणारा विभाग, सांगेल.

आता मुलीचा खोकला. आपल्याकडे मास्क रुग्णाला लावतात आणि खोकणारं पोर मोकळं फिरतं. हे उलटं करा. खोकणाऱ्याने मास्क लावायचा, मग ती मुलगी असो, सासरे असोत की तुम्ही. मिस्टरांनी एन-९५ लावायचा तो ओपीडीत, लोकलमध्ये आणि बंद हॉलमध्ये. मुलगी शाळेतून आली की दप्तर दाराशी ठेवून आधी साबणाने हातपाय-तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मग बाबा. सर्दी झाली की तिला चार-पाच दिवस बाहेरच्या खोलीत आजीजवळ झोपवा. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवा. दोन खोल्यांत वेगळेपणा पाळणं अवघड आहे, पण हवा हलती ठेवणं जमतं, आणि श्वासातून पसरणाऱ्या आजारांत तेच जास्त उपयोगाचं. पेला, चमचा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असू दे. एसी लोकलपेक्षा साध्या लोकलची उघडी खिडकी बरी, पण डोंबिवलीहून सकाळी साडेआठची गाडी नको. कामावर जाताना वेळ पुढेमागे करून मागा.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच असते. "सर्दी आहे का हो तुम्हाला?" असं पाहुण्याला दारात विचारायचं कसं? सांगलीच्या माझ्या एका रुग्णाच्या मावशींनी नामी युक्ती काढली. त्यांनी खुर्च्याच बाहेर गॅलरीत मांडल्या. "आत उकडतंय हो, इथेच बसू या" म्हणायचं, चहा तिथेच. कोणी दुखावलं नाही आणि सगळे मोकळ्या हवेत बसले. तुमच्याकडे गॅलरी नसेल तर भेटी गच्चीत किंवा सोसायटीच्या बाकावर होऊ द्या. सासूबाईंना दारातली जबाबदारी द्या. त्या वयाच्या बाईने नाही म्हटलेलं लोक ऐकतात.

सासूबाईंचा विषय निघाला म्हणून सांगते. त्यांची एक किडनी गेली, प्रतिकारशक्ती शाबूत आहे. त्यांना मास्कमध्ये गुंडाळून देवळात जाणं बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. काही गरज नाही. वर्षातून एकदा तपासणी करायची आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, एवढं पुरे.

सर्दीपेक्षा मला कांजिण्यांची धास्ती जास्त असते. आपल्याला वाटतं, लहान मुलांचा आजार, आठ दिवसांत उतरतो. गुंगीतल्या पहारेकऱ्यांसमोर तोच विषाणू फुफ्फुसांत आणि यकृतात शिरतो. त्यात अंगावर फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो पसरतो. एका बारशात माझा रुग्ण तासभर भाच्याला मांडीवर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या अंगावर पुरळ उठलं. घरातल्या मोठ्यांनी 'देवीचं आहे, बाहेर बोलू नका' म्हणून ते झाकलं. सुदैवाने बहिणीला राहवलं नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन मिळवायला अर्धा दिवस धावपळ झाली, पण ते वेळेत पडलं आणि निभावलं. हे इंजेक्शन शक्यतो चार दिवसांच्या आत द्यायचं असतं, म्हणून एक-एक दिवस मोलाचा. मिस्टरांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का हे आईला विचारा, आणि रक्तात त्याची खूण आहे का हे युनिटकडून आत्ताच तपासून घ्या. मुलीच्या वर्गशिक्षिकांनाही सांगून ठेवा: वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर मला त्याच दिवशी कळवा. का ते नीट सांगितलं तर त्या नक्की कळवतात.

लसींचा घोळ बहुतेक घरांत असतो. मिस्टरांना जिवंत विषाणूची किंवा जंतूची लस चालत नाही. म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि टायफॉइडची तोंडाने घ्यायची लस आता नाही. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), हिपॅटायटिस बी, टायफॉइडची इंजेक्शनातली कॉन्जुगेट लस चालते, आणि नागिणीची नवी लसही, कारण ती जिवंत नाही. कोणती केव्हा, ते युनिट ठरवेल. आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा येतात, एक थंडीत आणि दुसरी पावसाळ्यात. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तोही ऐन पावसाळ्यात, ३ ऑगस्ट २००९ ला. म्हणून मी माझ्या रुग्णांना लस पाऊस सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मे महिन्यातच घ्यायला लावते. ती हुकली असेल तर उशिरा घेतलेलीही फुकट जात नाही. घरातल्या पाचही जणांनी घ्यायची. मिस्टरांच्या शरीरात लस अर्धवटच रुजणार, तुमच्या शरीरात ती नीट रुजेल. त्यांची खरी भिंत तुम्ही आहात.

मुलांना गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जरूर द्या. त्याने बाबांना धोका होत नाही. कांजिण्यांच्या लशीनंतर अंगावर पुरळ उठलं, तर ते जाईपर्यंत तेवढं दूर ठेवायचं. एक अपवाद आहे आणि तो तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला लागू होतो: पोलिओचे थेंब. त्यातला विषाणू मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. पोलिओची लस चुकवायची नाही, इंजेक्शनातून द्यायची. पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात आल्या की घरात किडनीचा रुग्ण आहे हे सांगा, आणि बालरोगतज्ज्ञांकडून पोलिओची इंजेक्शनं पूर्ण झालीत का ते तपासा. थेंब आधीच दिले गेले असतील तर घाबरू नका. महिना-दीड महिना मुलाची शी-शू मिस्टरांनी धुवायची नाही आणि बाकीच्यांनी हात साबणाने धुवायचे, इतकंच.

आता पाणी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण एकामागून एक निघाले, तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला आणि बऱ्याच रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. ती माणसं आपल्यासारखी धडधाकट होती. मिस्टरांचं पाणी उकळा. कडेला बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद करायचा नाही. खळखळून उकळी फुटली की घड्याळ लावून एक मिनिट. "आमच्याकडे फिल्टर आहे" असं सगळे सांगतात. शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली हे विचारलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. उकळलेलं पाणी स्टीलच्या पिंपात भरतात, आणि मग घरातला प्रत्येक जण बोटांसकट पेला त्यात बुडवतो. पिंपाला तोटी बसवून घ्या. शंभर-दोनशे रुपयांची तोटी महागड्या फिल्टरपेक्षा जास्त काम करते.

खाण्यात सोपा हिशेब धरा: गरम, ताजं, घरचं. वरण-भात, पोळी, भाजी, शिजवलेली उसळ, सगळं चालेल. मोड आलेली कडधान्यं कच्ची नकोत, अंडं अर्धकच्चं नको, मटण आतपर्यंत शिजलेलं हवं. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, हॉटेलातली ओली चटणी यंदा विसरा. तापवलेल्या दुधाचं घरी विरजलेलं ताजं दही मी चालवून घेते. काही युनिट पहिले महिने तेही देत नाहीत, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. फळं धुऊन, सोलून खाता येतात. कापून ठेवलेली गाडीवरची फळं नकोत.

दोन गोष्टी तुमच्या इंग्रजी यादीत बहुधा नसतील. एक पंचामृत. त्यात कच्चं दूध असतं, तास-दोन तास ते तसंच उघडं असतं, आणि दहा हात लागलेल्या पळीने ते प्रत्येकाच्या तळहातावर पडतं. तीर्थ नाही म्हणणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. माझे रुग्ण ते हातावर घेतात, डोळ्यांना लावतात आणि नंतर झाडाला वाहतात. देवाची तक्रार अजून आलेली नाही. दुसरी गोष्ट पपनस. यादीत 'ग्रेपफ्रूट' लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ते कोण खातं म्हणून सगळे पुढे जातात. पपनस त्याच कुळातलं. त्यातली काही द्रव्यं आतड्यातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वर जाते. हात थरथरू लागतात, किडनीला इजा होते. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटवीला पपनस टांगा, खुशाल पाहा. मिस्टरांनी मात्र एक फोडही खायची नाही.

गणपतीचा विषय आलाच आहे, तर माझं मत: यंदा नको. कारण एकच नाही. ऐन फ्लूचे दिवस, रात्रभर माजघरात दाटीवाटीने आरती-भजन, विहिरीचं पाणी, आणि अपरात्री ताप आला तर तुमचं युनिट किती तासांवर, ते घाटातल्या गर्दीत अडकलेल्या माणसाला विचारा. पुढच्या वर्षी, किडनी स्थिर असेल तर, जरूर जा. तेव्हाही झोपायचं पडवीत, उकळलेलं पाणी स्वतःच्या बाटलीत, आणि शेतात अनवाणी उतरायचं नाही. भातखाचरातल्या चिखलात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) जंतू असतात. मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंतही असतो. तो एरवी वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टेरॉइड चालू असलेल्या माणसात अंगभर पसरतो. शहरात असलात तरी तुंबलेल्या पाण्यातून चालायचं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोच्या रुग्णांनी वॉर्ड कसे भरले होते ते त्या काळात काम केलेले विसरणार नाहीत. यंदाच्या गणपतीत मोदकपात्रातून निघालेला वाफाळता उकडीचा मोदक मात्र मिस्टरांना द्या. त्याच्याइतका सुरक्षित प्रसाद दुसरा नाही.

डोंबिवलीत जागोजागी जुन्या इमारती पाडतात. त्या धुळीत आणि ओल धरलेल्या भिंतीत ॲस्परजिलस नावाची बुरशी असते. शेजारी फरशी फोडत असतील तर खिडक्या लावा आणि मिस्टरांना दिवसभर दुसरीकडे पाठवा. २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला गदारोळ झाला. त्यात राजकारण किती होतं ते बाजूला ठेवा, पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी सापडते हे खरं आहे. खिडकीच्या जाळीत कबुतरांनी संसार मांडला असेल तर दुसऱ्या कोणी पाणी मारून, ओलं करून साफ करावं. झाडू नये. कुंड्यांची माती, कुजलेला पालापाचोळा, मांजराची घाण यांपासूनही त्यांना लांब ठेवा. डासांचं काय करायचं ते तुम्ही जाणता. फ्रिजच्या मागचा ट्रे मात्र आजच उघडून बघा.

इतकं करूनही कधीतरी संसर्ग होणारच. तो झाल्यावर पहिल्या काही तासांत घरचे काय करतात, यावर किती निभावेल हे ठरतं. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. आधी ताप मोजा, मग काय ते. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. त्याने आकडा उतरतो, आजार आतच राहतो. १००.४ अंश फॅरनहाइट आला की रात्री दोन वाजले असले तरी युनिटला फोन. स्टेरॉइडमुळे ताप चढतही नाही कधी कधी. म्हणून आकडा ९९.५ असला पण माणूस गळून गेला, दम लागला, लघवी कमी झाली, नव्या किडनीच्या जागी दुखू लागलं, तरी फोन करायचाच. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला किंवा उगाच उतरणारं वजन म्हणजे टीबीची शंका घ्यायची. जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवा, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढते आणि त्यात अंगातलं पाणी गेलेलं असतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायला हरकत नाही, पण पहिलं वाक्य "यांची किडनी बदललेली आहे" हेच हवं. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी टॅक्रोलिमस वर चढतं, टीबीच्या रिफाम्पिसिनने धाडकन खाली येतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या थेट किडनीवर जातात. कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी युनिटला विचारायचं. फ्रिजवर एक कागद चिकटवा: चालू गोळ्या डोससकट, शेवटची टॅक्रोलिमस पातळी आणि क्रिएटिनिन, युनिटचा रात्रीचा नंबर. मराठीत लिहा, म्हणजे तुम्ही घरी नसताना सासरेही वाचून दाखवू शकतील.

हे वाचणाऱ्यांत केमोथेरपी चालू असलेल्यांच्या घरचेही असतील. खाण्या-पाण्याचं बहुतेक तुम्हालाही लागू आहे, पण तापाचं गणित अधिक कडक धरा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हाच्या तापात अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हावं लागतं. फोनवर चर्चा करत बसू नका, गाडी काढा.

राहिला मुलीचा प्रश्न. नाक वाहत नसेल, खोकला नसेल, अंगावर पुरळ नसेल आणि हातपाय धुतलेले असतील, तर आज रात्रीच झोपू दे बाबांच्या कुशीत. सर्दीच्या दिवसांत तिने मास्क लावून खोलीच्या दारात बसायचं आणि बाबांनी आतून गोष्ट सांगायची. आणि तिला एक काम द्या: रात्री आठच्या गोळ्यांची आठवण. नऊ वर्षांची पोर हे काम मोबाइलच्या अलार्मपेक्षा चोख करते.